वर्णन जुळले, ताब्यात दिले

आमच्या बस आगारात छत्री हरवली तर ती परत मिळवायची एक पद्धत आहे. चौकशीच्या खिडकीशेजारच्या खोलीत यायचं, छत्रीचा रंग सांगायचा, मुठीला कुठे चीर गेली आहे ते सांगायचं. माझ्यासमोरच्या रजिस्टरमधल्या नोंदीशी ते जुळलं की मी शेवटच्या रकान्यात लिहिते, "वर्णन जुळले, ताब्यात दिले" आणि सही घेते. डबे, चष्मे, लग्नपत्रिकांचा गठ्ठा, एकदा तर दातांची कवळी, सगळं मी असंच परत दिलं आहे. एका मे महिन्यात मी एक मुलगीही अशीच देऊन टाकली.

हे वाक्य मी बरेच दिवस सौम्य करून बघत होते. "चुकून दिली गेली", "माझ्या हातून गेली", असं काहीतरी. ते खोटं आहे. मी वर्णन तपासलं, पेन पुढे केलं, सही घेतली आणि दिली.

माझे वडील याच आगारात कंडक्टर होते. ते आजारपणात गेले तेव्हा मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. मला अनुकंपेवर लिपिकाची जागा मिळाली. वडिलांनी मला हौसेने छावणीतल्या इंग्रजी शाळेत घातलं होतं. तिथे मला सुबक अक्षर मिळालं आणि चारचौघांत मराठी बोलायची भीती मिळाली. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात कुणीतरी एकोणसाठ नंबरची फाइल मागितली आणि मी एकोणसत्तर काढून दिली. सगळी खोली हसली. त्यानंतर मी बोलणंच कमी केलं. लिहायचं काम माझ्याकडे आलं, ते मला सोयीचंच होतं.

शेजारच्या खोलीत वाहतूक नियंत्रक बसायचे. गाड्यांच्या घोषणा तेच करायचे. वडिलांच्या बरोबरीचे, निवृत्तीला आलेले. सगळं आगार त्यांना चाचा म्हणायचं. ते मला बेटा म्हणायचे आणि बोलायला लावायचे नाहीत. म्हणून मला ते आवडायचे.

कंडक्टरच्या हाती माणूस सोपवणं ही आमच्याकडे रोजची गोष्ट. फाट्यावर कुणीतरी आईला गाडीत चढवतं आणि खालूनच ओरडतं, "कंडक्टरसाहेब, म्हातारीला घाटी दवाखान्यापाशी उतरवा, नात येईल घ्यायला." कंडक्टर मान हलवतो आणि उतरवतो. औषधं, डबे, परीक्षेला निघालेली पोरं, सगळं असंच पोचतं. वडील अशा एखाद्या मुलीला स्वतःच्या सीटशेजारी बसवायचे आणि घरी जेवताना सांगायचे, आज एक पोर पोचवली. मला त्याचा अभिमान वाटायचा.

आता त्या चांगुलपणाचा विचार केला की माझं डोकं तापतं. ज्यांना तो वापरायचा होता त्यांनी तो आमच्याआधी नीट समजून घेतला. दुसऱ्याच्या मुलीला स्वतः घेऊन निघालं तर कुणीतरी निरखून बघेल. कंडक्टरच्या हाती दिलं तर अंगावर गणवेश असलेला माणूसच तिला पोचवतो. वाटेत कुणी विचारलं तर तोच सांगतो, मामाकडे चाललीय.

त्या दिवशी दुपारी कन्नडकडून आलेल्या गाडीचा कंडक्टर एका मुलीला घेऊन माझ्या दारात उभा राहिला. पन्नाशीचा, मोठ्या आवाजाचा माणूस.

"मॅडम, ही पोरगी ठेवा. देवगाव रंगारीला तिच्या मावशीनं बसवून दिली. मामा येणार व्हता स्टँडवर, आला नाय. मला परतीची फेरी हाय."

"ठेवा म्हणजे?"

"म्हणजे बाकड्यावर बसवा! शाळेत नाव घालायचंय का?" स्वतःच्याच बोलण्यावर तो हसला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "पण लिहून घ्या बरं का. मागं एका डब्यापायी माझ्यावर बालंट आलं व्हतं. लई ताप झाला."

"कशात लिहू?"

"ह्याच्यातच लिहा की. दुसरं हाय का काही?"

दुसरं नव्हतं. मी सापडलेल्या वस्तूंचं रजिस्टर उघडलं. 'वस्तूचे वर्णन' या रकान्यात लिहिलं: मुलगी एक, वय अंदाजे तेरा, निळा पंजाबी ड्रेस, पिवळी ओढणी, साडीच्या दुकानाची कापडी पिशवी, पायात नवीन सँडल. रकाना पुरेना म्हणून शेवटचे शब्द बारीक अक्षरात बसवले. नोंद सुरेख दिसत होती.

"बस हितं," कंडक्टर तिला म्हणाला. "मामा आला की जा. भ्यायचं नाय." आणि तो गेला.

मुलगी कपाटामागच्या बाकड्यावर बसली. खिडकीतून ते बाकडं दिसत नाही, माझ्या खुर्चीतून दिसतं. मी तिच्याकडे बघत होते. सँडल एक नंबर मोठी होती, टाचेमागे बोटभर जागा उरत होती. ड्रेसच्या बाहीला दुकानातल्या लेबलाचा प्लास्टिकचा दोरा तसाच लटकत होता. ती दोन्ही पाय पिशवीवर ठेवून बसली होती आणि दारात कुणी आलं की अर्धी उठायची. घरून मामाकडे निघालेली मुलगी नखशिखांत नव्या कपड्यांत का असेल, असं माझ्या मनात आलं. मनात आलं आणि मनातच राहिलं.

एकदा तिने विचारलं, "दीदी, पाणी हाय का?"

मी कोपऱ्यातल्या पिंपाकडे बोट दाखवलं.

घरचे मला लाजाळू म्हणतात. हा शब्द ऐकायला गोड आहे. खरं म्हणजे, मला कुणी काही विचारू नये म्हणून मी कुणाला काही विचारत नाही. मी माझ्यापुरता तसा करारच करून टाकला आहे. त्या दिवशी तो करार मी एका तेरा वर्षांच्या मुलीवर लादला आणि तासभर तिच्यापासून चार हातांवर बसून पावत्या लावत राहिले.

मग तो माणूस खिडकीशी आला. "नमस्कार मॅडम. आमची भाची इथं बसवलीय म्हणून कळलं."

आवाज मऊ होता. घाई नव्हती. मला वाटलं, आता मी नीट, हुशारीने वागलं पाहिजे. उठसूट कुणाच्याही हाती मुलगी द्यायची नाही. म्हणून मी पद्धतीप्रमाणे म्हटलं, "वर्णन सांगा."

"निळा ड्रेस आहे. पिवळी ओढणी. कापडी पिशवी, साडीच्या दुकानाची. आत दोन ड्रेस आणि एक टॉवेल असेल."

टॉवेल माझ्या नोंदीत नव्हता. मी कपाटामागे जाऊन मुलीची पिशवी उघडली. तळाशी टॉवेल होता, घडीसुद्धा न मोडलेला. म्हणजे माझ्यापेक्षा त्यालाच जास्त माहीत होतं. छत्रीच्या मालकालाही छत्री एवढी पाठ नसते. माझं पूर्ण समाधान झालं.

"नातं?"

"मामा."

मी लिहिलं, मामा. त्याने सही केली आणि तो आत आला. "चल गं."

मुलगी उठली, पिशवी घेतली आणि त्याच्या पाठीमागे दाराकडे बघून म्हणाली, "मामा नाय आले?"

"गाडीत बसलेत. चल लवकर."

आणि ती दोघं गेली.

इथे मला थांबून सांगितलं पाहिजे की मी ते ऐकलं होतं. स्पष्ट ऐकलं होतं. मी नुकताच लिहिलेला 'मामा' हा शब्द अजून ओला होता. ज्याने मामा म्हणून सही केली त्यालाच ती मामा कुठे आहे असं विचारत होती. हे समजायला काहीच लागत नव्हतं, आणि मला ते समजलंही होतं. तरी मी बसून राहिले. दरम्यान एकजण येऊन विचारून गेला की काळी बॅग सापडली का. मी रजिस्टर चाळून त्याला सांगितलं, नाही सापडली. एवढा वेळ मी घालवला. डोक्यात काय चाललं होतं तेही सांगते, कारण त्याचीच मला सर्वांत जास्त चीड येते. त्यांच्या घरचं काही असेल. दोन मामा असतील. मी ओरडले आणि तो खरोखरच नातेवाईक निघाला तर सगळे माझ्याकडे बघतील. मला मोठ्याने मराठी बोलावं लागेल.

मी उठून चाचांच्या खोलीत गेले तेव्हा ते पाचोडमार्गे बीडला जाणाऱ्या गाडीची घोषणा करत होते. माझ्या तोंडून भराभर इंग्रजी बाहेर पडलं. चाचांनी माइक बंद केला.

"बेटा, मराठीत बोल, नाहीतर हिंदीत बोल. हौ, सावकाश."

"ती मुलगी. मी दिली. तो मामा नाही. ती विचारत होती मामा कुठे. मी सही घेतली चाचा, मी सही घेतली."

त्यांनी मला धीर दिला नाही. रागावलेही नाहीत. "कपडे?" एवढंच विचारलं. मी माझी सुरेख नोंद धडाधड म्हणून दाखवली. त्यांनी आधी फाटकावरच्या माणसाला फोन केला, "बाहेर पडायच्या फाटकात गाडी आडवी लाव. हो, जी पुढं असेल ती. साहेबांचं मी बघतो." मग माइक चालू केला.

"सगळ्या ड्रायव्हर-कंडक्टरांनी ऐका. एकही गाडी हलवायची नाही. तेरा वर्षांची मुलगी, निळा ड्रेस, पिवळी ओढणी, हातात कापडी पिशवी. तिच्यासोबतचा माणूस तिचा कुणी नाही. दिसली की थांबवा. प्रवाशांनीही बघावं. आपल्या शेजारच्या सीटवर बघा."

शेवटचं वाक्य त्यांनी पुन्हा म्हटलं.

मी बाहेर फलाटावर आले. बीडची गाडी फाटकात आडवी झाली होती आणि ड्रायव्हर खाली उतरून दोन्ही हात पसरून उभा होता. कंडक्टर एकेका गाडीत चढून सीटा बघत होते. तेवढ्यात खिडक्यांतून आवाज सुरू झाले.

"अहो, आम्हाला उशीर होऊ राहिला!"

"पळून चालली असंल कुणासंगं. तुम्ही कशाला मधी पडता?"

मांडीवर डबा घेऊन बसलेल्या एक बाई शेजारणीला म्हणाल्या, "आजकालच्या पोरी काय कमी असतात का? आईबापाला फसवून निघतात आणि सगळ्या गावाला कामाला लावतात."

त्या बाईंना मी अजून क्षमा केलेली नाही. मुलगी तेरा वर्षांची आहे हे त्यांनी माझ्याइतकंच स्वच्छ ऐकलं होतं.

मुलगी सापडली ती गाडीत नाही. आवाराच्या कडेला भिंत पडलेली आहे, तिथून लोक पलीकडे खासगी गाड्या जिथे थांबतात तिकडे जातात. आमच्या एक बाई कंडक्टर ड्यूटी संपवून तिथूनच घरी निघाल्या होत्या. घोषणा ऐकून त्या वळल्या आणि समोरच निळा ड्रेस. त्यांनी सरळ मुलीचं मनगट धरलं. माणसाने दुसरा हात धरला होता तो सोडला, आणि तो भिंतीच्या फटीतून निघून गेला. पळालाही नाही, चालत गेला, असं त्या म्हणाल्या.

मुलीला त्यांनी माझ्याच खोलीत आणलं. ती रडत होती, पण सुटल्याचं रडणं नव्हतं ते. ती आमच्यावर भडकली होती.

"मला कामाला जायचंय! तुम्ही का अडवलं? वाळूजला कंपनीत लागणारंय मी. बायांची बस येते न्यायला. राहायला खोली हाय."

बाई कंडक्टर तिच्यासमोर उकिडव्या बसल्या. "बरं. कंपनीचं नाव काय?"

"मामाला माहिती."

"मामा कोण?"

"मावशीचा भाऊ. दोनदा आलता आमच्याकडं."

"आणि आत्ता सोबत होता तो?"

"त्याला मी नाय वळखत. मामा गाडीत व्हते ना."

"मावशी कोण? आईची सख्खी बहीण?"

"न्हाय. आमच्या गल्लीत राहायला आलीय. होळीपासून."

"आईला माहितीये तू निघालीस ते?"

यावर ती सँडलकडे बघू लागली. मग हळूच म्हणाली, "मावशी म्हनली, पहिला पगार झाला की सांगू. आई खूश व्हईल."

बस, एवढंच. पिंपातलं पाणी ग्लासात भरून पिईपर्यंतच्या वेळात सगळं बाहेर आलं. त्यासाठी ना शिक्षण लागलं ना कुणाची परवानगी. मी तासभर तिथेच बसले होते, तिने माझ्याकडे पाणी मागितलं होतं, आणि मी बोट दाखवलं होतं.

स्टँडवरच्या पोलीस चौकीत हवालदारांनी मला विचारलं, "माणूस कसा होता, सांगा."

मी तोंड उघडलं आणि मला काहीच आठवेना.

"मिशी होती?"

"माहीत नाही."

"वय?"

"मोठा होता."

"मॅडम, शर्टाचा रंग तरी?"

"फिका असेल."

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही बोलल्या ना त्याच्याशी? समोरासमोर?"

बोलले होते. समोरासमोर. पण मी त्याच्याकडे बघितलंच नव्हतं. खिडकीशी पुरुष आला की मी कागद बघते, बोटं बघते, सही बघते. अनोळखी पुरुषाच्या तोंडाकडे टक लावून बघू नये हे मला घरी आणि शाळेत, मराठीत आणि इंग्रजीत, दोन्हीकडे शिकवलं गेलं. चांगली मुलगी म्हणून माझं जे कौतुक झालं ते याच खाली घातलेल्या मानेचं. त्या मानेचा फायदा कुणाला झाला ते मी चौकीत बसून बघितलं. मुलीच्या सँडलचं माप मी सांगू शकत होते. तिला न्यायला आलेल्या माणसाच्या मिशीचं सांगू शकत नव्हते. आमचा कॅमेरा फलाटांकडे वळलेला, त्यात गर्दीतल्या पाठी दिसल्या. सही म्हणजे एक वळवळती रेघ होती. तो माणूस सापडला नाही. मावशी त्याच संध्याकाळी गल्लीतून गेली होती. मुलीची आई आली आणि मुलगी बालगृहातून तिच्याकडे गेली, इतकं कळलं. पुढचं मला कुणी कळवलं नाही. कळवावं असा नियम नाही.

आम्हाला मात्र पत्रं आली. चाचांना, गाड्या विनापरवानगी रोखून प्रवाशांची गैरसोय का केली याचा खुलासा करावा. मला, व्यक्तीची नोंद वस्तूंच्या नोंदवहीत का केली याचा खुलासा करावा. चाचा हसले. "बेटा, तुझ्या बाबानं पण खुलासा लिहिला होता एकदा. एका बाळंतिणीसाठी गाडी रस्ता सोडून नेली म्हणून. दोन ओळी लिही, सही कर, विषय खतम."

मी चार पानं लिहिली. मराठीत, चुकांसकट. मुलीची नोंद कुठे करायची हा प्रश्नच नव्हता, तिला काहीतरी विचारायचं होतं, असं लिहिलं. लहान मूल कंडक्टरच्या हाती देणाऱ्याचं नाव आणि फोन घेतल्याशिवाय गाडी हलू नये. स्टँडवर न्यायला आलेल्या माणसाशी बोलण्याआधी मुलाशी बोलावं, एकटं, शक्यतो बाईने. शंका आली तर चौकीला आणि मुलांच्या मदत केंद्राला फोन करावा. फाटक बंद करायला नियंत्रकाला कुणाची परवानगी लागू नये. आपल्या गाड्यांतून रोज अख्खा जिल्हा जातो-येतो. अशा मुलींनाही आपणच नेतो, तेव्हा आपल्याला माहीत नव्हतं हे उत्तर चालणार नाही, असंही लिहिलं.

आगारप्रमुख साहेब म्हणाले, "हा खुलासा आहे की निबंध?" पण त्यांनी तो वर पाठवला. काही महिन्यांनी कँटीनमध्ये एक दुपार कंडक्टरांचा वर्ग झाला. मागून कुणीतरी टोमणा मारला, "आता तिकिटं फाडायची का पोरींच्या मुलाखती घ्यायच्या?" सगळे हसले. तेव्हा कन्नडच्या गाडीचा तो कंडक्टर उठला. "मी पोचवली व्हती तिला," म्हणाला. "या हातानं. चांगलं काम केलं म्हणून चहा पिलो त्या दिवशी." तो खाली बसला आणि मग कुणी हसलं नाही.

आता वेगळं रजिस्टर आहे. त्याचा पहिला रकाना 'मुलाने/मुलीने स्वतः काय सांगितले' असा आहे. तो भरल्याशिवाय मी पुढचा भरत नाही.

मागच्या आठवड्यात पाचोडहून एका आजीने दहा-अकरा वर्षांची नात कंडक्टरच्या हाती दिली होती. न्यायला आलेल्या माणसाला मी बाहेर थांबवलं आणि मुलीला कपाटामागे नेऊन विचारत होते, तेवढ्यात तो दारावर थापा मारू लागला.

"मी बाप हाय तिचा! पोरगी पळवायला आलोय का मी? काय समजता तुम्ही सोताला?"

"पप्पाच हायेत ते, मॅडम," मुलगी शरमेने म्हणाली. "तुम्ही उगंच करू राहिल्या."

तरी मी तिच्या आईला फोन लावला. लागेना, पुन्हा लावला. तोवर मी त्या माणसाच्या तोंडाकडे सरळ बघत उभी होते. डाव्या भुवईत जखमेची जुनी खूण, कानाची पाळी टोचलेली, दोन दिवसांची दाढी, उन्हाने आणि रागाने लाल झालेला चेहरा. त्याला ते अजिबात आवडलं नाही. कुठल्याच बापाला आवडणार नाही. तो खरा बाप होता आणि त्याचा राग खरा होता, आणि मला त्याची कीव आली नाही.

आईशी बोलणं झालं, मी मुलगी दिली. त्याने तक्रारवही मागितली. मीच ती त्याच्यापुढे सरकवली. त्याने उभ्यानेच लिहिलं, "मॅडमचे वागणे उद्धट आहे."

तोवर मला कुणी उद्धट म्हटलेलं नव्हतं. तक्रारीखाली कर्मचाऱ्याच्या खुलाशासाठी जागा असते. ती मी कोरी ठेवली आणि वही साहेबांकडे पाठवून दिली.